मांजरीच्या पिल्लाला जंत कुठून होतात? घरातली गोळी का देऊ नये?

पेठांमधले वाडे असोत की वाकड-हडपसरच्या सोसायट्या, पार्किंगमध्ये व्यायलेली मांजर पुण्यात नवी नाही. त्यातलं एखादं पिल्लू कुणाच्या तरी घरी येतं. अंग हडकुळं, पोट मात्र नगाऱ्यासारखं. भरपूर खातंय असं वाटतं, पण बऱ्याचदा ते पोट जंतांमुळे फुगलेलं असतं.

गोड खाल्लं की जंत होतात, ही समजूत चुकीची आहे. दुधाचा संबंध आहे, पण तो आईच्या दुधाचा. टॉक्सोकारा कॅटी या गोलकृमीच्या अळ्या दुधावाटे पिल्लांमध्ये जाऊ शकतात. त्यामुळे आई धडधाकट दिसली तरी पिल्लांना जंत निघतात. म्हणूनच औषध तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं. दूध सुटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. एका डोसने भागत नाही, कारण औषध आतड्यातले जंत मारतं. शरीरात फिरणाऱ्या अळ्या त्यातून सुटतात आणि नंतर आतड्यात येतात. पाजणाऱ्या आईलाही सोबतच औषध लागतं.

इथे एक चूक जिवावर बेतू शकते. मुलांना शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी 400 मिलिग्रॅमची असते आणि पिल्लू जेमतेम अर्ध्या किलोचं. ‘तुकडा दिला तर काय होतंय’ हा हिशेब धोक्याचा आहे. या औषधाने मांजरींच्या अस्थिमज्जेला इजा होऊन रक्तपेशी घटू शकतात. पशुवैद्य पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल देतात, तेही वजन करून.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर तो टेपवर्म. अंग चाटताना पिसू गिळली गेली की तो होतो. त्याची दुसरी एक जात उंदरांतून येते. त्यावर पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं. पण घरातल्या पिसवा तशाच राहिल्या, तर काही आठवड्यांत पुन्हा तेच दाणे. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजरीला अजिबात लावू नये. त्यातलं परमेथ्रिन मांजरींसाठी विषारी असतं.

गोलकृमी माणसालाही होऊ शकतो. शीतली अंडी मातीत साधारण 2 ते 4 आठवड्यांत संसर्गक्षम होतात. ती मुलांच्या हातातून पोटात गेली आणि अळी डोळ्यापर्यंत पोहोचली, तर दृष्टीला इजा होते. म्हणून मांजरीचा ट्रे रोज साफ करावा. बांधकामाच्या वाळूचा ढीग हा मांजरींचा आवडता संडास आणि मुलांचा किल्ला, दोन्ही असतो. तो झाकलेला बरा.

बाहेर फिरणाऱ्या मोठ्या मांजरीला साधारण दर तीन महिन्यांनी औषध द्यावं लागतं. पुणे महापालिकेने 2022 मध्ये मांजरींसाठीही परवाना घेण्याचा निर्णय केला. रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जाणं होतंच. त्याच वेळी डबीत ताजी शी नेली, तर कोणता जंत आहे ते तपासता येतं.

हिरड्या पांढुरक्या, शी काळपट किंवा रक्ताळ आणि पिल्लू मलूल असेल, तर रक्त शोषणाऱ्या अंकुशकृमीची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.