नागपूरकर भोसल्यांचा समुद्र

‘अटक ते कटक’ हे शब्द मराठी सभांतून आजही मोठ्या अभिमानाने उच्चारले जातात. परंतु राघोबादादांच्या अटकेविषयी आपण जेवढे बोलतो, तेवढी कटकेची विचारपूस करीत नाही, आणि नागपुरात तरी ही उपेक्षा क्षम्य मानता येणार नाही. महानदीकाठचे ते शहर आणि त्याच्या सभोवतीचा ओरिसाचा सुभा नागपूरकर भोसल्यांनी मिळविला व १७५१ पासून १८०३ पर्यंत बावन्न वर्षे आपल्या अमलाखाली राखला. समुद्रापासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांहूनही दूर असलेल्या नागपुरातून ज्यांचा कारभार चाले, त्या राजांच्या मुलखास सुवर्णरेखेपासून चिलका सरोवरापर्यंतचा सागरकिनारा होता, बालासोरसारखे नामांकित बंदर होते, आणि पुरीचे जगन्नाथक्षेत्रही होते. हा किनारा मिळाला कसा आणि गेला कसा, याचा विचार केल्यावाचून भोसल्यांच्या राज्याचा उत्कर्ष व अपकर्ष नीट उमगत नाही, असे माझे मत आहे.

पहिले रघूजी भोसले, सेनासाहेबसुभा, यांचे कारभारी भास्कर राम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले, तेव्हा त्या प्रांताचा खरा तट म्हणजे भागीरथी नदी होती. मराठी घोडदौडीपुढे पश्चिम तीरावरील गावे पडली, मुर्शिदाबादेत जगत्शेठांची पेढी लुटली गेली, कलकत्त्याच्या इंग्रजांनी भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. परंतु पूर्व तीरावर ज्यांना होडी मिळाली ते बहुधा बचावले. भास्कररामांनी कटव्यानजीक नावांचा पूल बांधला व तेथेच दुर्गापूजेचा उत्सव मांडला. परंतु बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने रातोरात नावांचाच पूल उभारून नदी ओलांडली आणि छावणीवर अकस्मात छापा घातला. पाण्यावर ज्याचा ताबा त्याचीच मसलत सिद्धीस जाते, हा धडा नागपूरकरांना त्यांच्या पहिल्याच पूर्वस्वारीत मिळाला होता. या स्वाऱ्यांत रयतेवर जे अत्याचार झाले, त्यांचे वर्णन गंगाराम नामक बंगाली कवीने आपल्या ‘महाराष्ट्रपुराणा’त करून ठेवले आहे, आणि ‘बर्गी’ हा शब्द बंगालच्या अंगाईगीतांत भयसूचक होऊन राहिला आहे. हे वाचताना मराठी माणसाने मान खाली घालावी, सबबी शोधू नयेत. १७४४ मध्ये अलिवर्दीने भास्कररामांना भेटीस बोलावून मानकरा येथे दगा देऊन मारले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. आणि अखेर १७५१ च्या तहाने ओरिसाचा वसूल व बंगालची बारा लक्ष रुपये चौथ रघूजींच्या पदरात पडली. सुवर्णरेखा ही उभयतांमधील सीमा ठरली.

आता या किनाऱ्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कोकणात खाड्या खोल, कडे उभे आणि बेटे खडकाळ असल्याने शिवछत्रपतींना व पुढे आंग्र्यांना जलदुर्गांच्या आश्रयाने आरमार वाढविता आले. ओरिसाचा किनारा मात्र सपाट, रेताड आणि उथळ, नद्यांनी आणलेल्या गाळाने दर वर्षी बदलणारा, आणि वाऱ्याच्या दिवसांत फेसाळणाऱ्या लाटांमुळे जहाजांना दूर नांगरून राहावयास लावणारा आहे. येथे सिंधुदुर्ग उभारणे कोणालाच शक्य नव्हते. तथापि बालासोरला नौकाबांधणीची परंपरा होती. इंग्रज, डच, फ्रेंच व डेन यांनी तेथे वखारी घातल्या होत्या. आणि हुगळी नदीच्या फसव्या मुखातून जहाजे आत नेणारे वाटाडे बालासोरच्याच समुद्रात वाट पाहत थांबत. म्हणजे कलकत्त्याचा दरवाजा ज्या ओटीवरून दिसतो ती ओटी भोसल्यांच्या मालकीची होती, पण तीवर त्यांचा पहारा नव्हता.

नागपूरच्या दरबाराने किनाऱ्याकडे वसुलीच्या दृष्टीने पाहिले, आणि तसे पाहिले तर तेथे पुष्कळ होते. बंदराची जकात होती; पुरीच्या यात्रेकरूंवरचा कर होता; आणि सर्वांत मोलाचे म्हणजे मीठ होते. खाऱ्या मातीचे पाणी भट्टीवर आटवून काढलेले ‘पांगा’ आणि उन्हात वाळविलेले ‘कर्कच’ असे या मिठाचे दोन प्रकार. महानदीतून नावांनी ते संबळपुरापर्यंत चढविले जाई आणि तेथून पुढे बंजाऱ्यांच्या बैलांवर छत्तीसगडच्या बाजारांत उतरे. हेच मीठ चोरवाटेने बंगालात शिरे, तेव्हा कंपनीच्या मिठाच्या मक्त्याला धक्का बसे, आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची ही नित्याची तक्रार असे. शिवभट साठे, भवानी पंडित, राजाराम मुकुंद अशा सुभेदारांनी कटकेत बसून हा कारभार पाहिला. त्यांच्या अमलाचे एक दृश्य चिन्ह पुरीच्या सिंहद्वारासमोर आजही उभे आहे; तेथील अरुणस्तंभ मराठी अमदानीत कोणार्कहून आणून बसविला गेला.

इंग्रजांच्या दृष्टीला मात्र याच भूमीत दुसरेच काही दिसत होते. बंगाल व मद्रास या त्यांच्या दोन इलाख्यांमध्ये हा एक मराठी पट्टा पडलेला होता. पलटण खुष्कीने न्यावयाची तर भोसल्यांची परवानगी लागे. म्हणून क्लाइव्हपासून हेस्टिंग्जपर्यंत प्रत्येकाने हा प्रांत तहाने, पैशाने किंवा भाड्याने मिळविण्याचा प्रयत्न केला. १७८१ मध्ये चिमणाजी भोसले मोठी फौज घेऊन कटकेपर्यंत आले असता हेस्टिंग्जने लाखो रुपये देऊन त्यांना परत फिरविले, आणि ही रक्कम मिळाल्याचा दरबारास आनंद झाला. ज्या जागेसाठी प्रतिस्पर्धी एवढे द्रव्य मोजण्यास सिद्ध होतो, ती जागा आपण राखावी कशी, हा प्रश्न त्या आनंदात कोणी विचारला असे दिसत नाही.

१८०३ मध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले, तेव्हा दुसरे रघूजी शिंद्यांसह दक्षिणेत वेल्स्लीच्या तोंडाशी उभे होते. त्याच सप्टेंबरात कर्नल हारकोर्ट गंजामहून निघून समुद्र आणि चिलका यांमधील रेतीच्या पट्टीवरून उत्तरेस सरकला. माणिकपटण घेऊन १८ सप्टेंबरला पुरीत शिरला, आणि मंदिराच्या उपासनेस धक्का लावू नये हा गव्हर्नर जनरलचा हुकूम त्याने कसोशीने पाळला. दुसरी एक तुकडी कॅप्टन मॉर्गनच्या हाताखाली जहाजांतून आली व तिने बालासोर घेतले. या जहाजांना अडविण्यास भोसल्यांपाशी एकही युद्धनौका नव्हती. एका राज्याचे बंदर समुद्रावरून जाते आणि त्या समुद्रावर त्या राज्याचे निशाण कोठेच फडकत नसते, यापरते दुर्दैव कोणते? पुरी गेल्यानंतर पाचव्या दिवशी, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली. १४ ऑक्टोबरला कटकेचा बाराबाटी किल्ला पडला. दगडी तटाला रुंद खंदक होता, तोफेने दरवाजाची खिडकी फोडली तरी तिच्यातून एका वेळी एकच शिपाई आत शिरू शकत होता, आणि तरीही किल्ला टिकला नाही. नोव्हेंबरच्या आरंभी बरमूळची खिंड इंग्रजांनी घेतली व नागपूर-कटक मार्ग तुटला. अडगावची प्रसिद्ध लढाई त्यानंतर, २९ नोव्हेंबरला झाली. गाविलगड १५ डिसेंबरला पडला. आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक प्रांत बालासोर बंदरासह कायमचा सुटला.

आपले इतिहासकार अडगाव व गाविलगड यांवर पानेच्या पाने लिहितात, कारण तेथे शौर्य झाले आणि बेनीसिंग किल्लेदाराने प्राण दिले. त्या शौर्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु अडगावच्या रणात व्यंकोजी भोसल्यांचा जय झाला असता, तरीही कटक परत कोणत्या वाटेने येणार होते? समुद्र बंद, खिंड बंद, आणि बंगाल-मद्रासची वाट इंग्रजांस खुली. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपुरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांविरुद्ध अप्पासाहेब भोसल्यांच्या अरबांनी शर्थ केली, ती आधीच किनारा, वऱ्हाड आणि सेनेचे स्वातंत्र्य गमावलेल्या राज्याची शेवटची शर्थ होती. नागपूरच्या राज्याचे भवितव्य सीताबर्डीवर ठरले असे आपण मानतो. ते चौदा वर्षांपूर्वीच बालासोरच्या रेतीवर ठरले होते.

काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ आणि या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ नागपूरच्या प्रत्येक ग्रंथालयात असावयास हवेत. ज्यांच्या हाती ते येतील, त्यांनी कटकेच्या सुभ्याचा भाग आधी वाचावा, आणि ज्यांना उडिया येते अशांनी पुरीच्या मठांस मराठी सुभेदारांनी दिलेल्या सनदांचा शोध घेऊन तो मराठीत आणावा.