हरणाची शिकार, रायफल आणि परवाना : घोलवड-डहाणू परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

भारतातील शिकारीचा इतिहास बहुधा संस्थानिक, इंग्रज अधिकारी आणि त्यांनी मारलेले वाघ यांच्याभोवती फिरत राहिला आहे. हरणाची शिकार त्या मानाने दुर्लक्षित राहिली. वस्तुतः वाघाची शिकार हा मोजक्या लोकांचा छंद होता, तर भेकर, चितळ, ससा, रानडुक्कर यांची शिकार हा जंगलालगतच्या सामान्य माणसाच्या अन्नाचा आणि पिकाच्या राखणीचा भाग होता. हरणासाठी कोणते शस्त्र घ्यावे, त्याचा बोअर किती असावा आणि ते आपल्या ऐपतीत बसेल काय, हे प्रश्न वरवर पाहता केवळ शिकाऱ्याच्या सोयीचे वाटतात. परंतु ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागाचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांचा विचार करता, या प्रश्नांची उत्तरे बाजारापेक्षा कायद्याने अधिक ठरविली असे दिसून येते. शस्त्रकायदा, वनकायदा आणि वन्यजीवकायदा या तिन्हींच्या संयोगाने महागडी रायफल हे शिकारीचे अधिकृत साधन ठरले आणि जो ती बाळगू शकत नव्हता तो शिकारी न राहता गुन्हेगार झाला. या प्रक्रियेचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परिसर आणि पारंपरिक साधने

घोलवड हे पश्चिम रेल्वेवरील, गुजरातच्या सीमेलगतचे गाव. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या आणि पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारा डोंगराळ, जंगलव्याप्त प्रदेश अशी या पट्ट्याची रचना आहे. येथील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीमालक आणि जमीनदार किनाऱ्याच्या व रेल्वेच्या आश्रयाने, तर वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा हे समाज मुख्यतः पाड्यापाड्यांतून, अशी येथील समाजरचना दीर्घकाळ राहिली. १९६० मध्ये राज्यविभाजन झाले तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

या परिसरातील आदिवासींची शिकारीची साधने तीरकामठा, जाळी, फासे आणि हाकारा ही होती. वारली चित्रांमध्ये धनुर्धारी शिकारी आणि पळणारी हरणे वारंवार दिसतात. डहाणूजवळील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांनी हे जग भारताबाहेरही पोहोचविले. वाघदेवाची पूजा करणारा हा समाज शिकारीकडे स्पर्धा म्हणून पाहत नव्हता. या साधनांचे एक वैशिष्ट्य असे की, ती गावातच तयार होत. त्यांना काडतूस लागत नव्हते, दुकान लागत नव्हते आणि दीर्घकाळ परवानाही लागत नव्हता. शिकार सामूहिक असल्याने मिळालेल्या मांसाची वाटणीही सामूहिक होई.

१८७८ चे दोन कायदे

१८७८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक होय. त्या वर्षी लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र अधिनियम आणि वन अधिनियम असे दोन कायदे संमत झाले. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत बंदूक व तलवार यांच्याबरोबर धनुष्यबाणाचाही समावेश होता. परवान्याचा खरा भर बंदुकीवर असला आणि सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला असला, तरी तीरकामठा हे शस्त्र आहे आणि त्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार राज्यसत्तेचा आहे, हे तत्त्व कायद्याने प्रस्थापित केले. युरोपीयांना नियमांन्वये मिळालेली सूट हा सुशिक्षित भारतीयांच्या संतापाचा विषय होता. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. तथापि त्या मागणीच्या मुळाशी प्रतिष्ठित वर्गावरील अविश्वास दूर व्हावा ही भावना प्रमुख होती. जंगलातील माणसाच्या शस्त्राचा प्रश्न तीत आला नाही.

वन अधिनियमाने राखीव जंगलाची संकल्पना रूढ केली. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमात राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, गोळी झाडणे, सापळे वा फासे लावणे हे गुन्हे म्हणून एकत्र नमूद झाले. अशा रीतीने एकीकडे शस्त्र आणि दुसरीकडे जंगल, अशा दोन्ही बाजूंनी शिकारीवर सरकारी नियंत्रण आले.

अशी प्रक्रिया केवळ भारतातच घडली असे नाही. इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क प्रामुख्याने वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता मर्यादित केला होता आणि ही मालमत्तेची अट १८३१ मध्ये रद्द झाली. १७२३ च्या कायद्याने तर वेष पालटून वा चेहरा काळा करून हरणाची शिकार करणाऱ्यास देहदंडाची तरतूद केली. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये या कायद्याची सविस्तर चिकित्सा केली आहे. मात्र मायदेशात मालमत्तेची उघड अट रद्द करणाऱ्या राज्यकर्त्यांच्या अमलाखाली भारतात परवाना आणि शस्त्राची किंमत यांच्याद्वारे तसाच परिणाम साधला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

बोअरचे राजकारण

शिकारीच्या दृष्टीने पाहता शस्त्राची निवड जनावराचे वजन, अंतर आणि जंगलाची दाटी यांवर अवलंबून असते. भेकराचे वजन सुमारे २० ते २८ किलो, चितळाच्या नराचे ७० ते ९० किलो, तर सांबराचा पूर्ण वाढलेला नर २०० किलोंहूनही अधिक भरतो. बारा बोअरची बंदूक आतून गुळगुळीत नळीची असते. ज्या नळीच्या व्यासाच्या १२ शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती बारा बोअर. मोठ्या छऱ्यांचे काडतूस वापरल्यास ती साधारण ३० ते ४० यार्डांपर्यंत भरवशाची ठरते. त्यापलीकडे छरे पांगतात आणि जनावर जखमी होऊन निसटण्याचा संभव वाढतो. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असल्याने गोळीला फिरकी मिळते व ती दूरवर अचूक जाते. दाट रानात भेकरासाठी बारा बोअर पुरेशी होती. सांबरासाठी वा मोकळ्या माळावरील चितळासाठी रायफल आवश्यक मानली जाई.

परंतु कोणत्या बोअरची रायफल घ्यावी हे केवळ जनावरावरून ठरत नव्हते. ब्रिटिश सैन्याची रायफल .३०३ बोअरची होती. तिचा दारूगोळा खाजगी हातांत जाऊ नये म्हणून सैन्याच्या बोअरची शस्त्रे खाजगी व्यक्तींस निषिद्ध करण्यात आली. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवर अशीच बंदी आली, तेव्हा इंग्लंडमधील कारखानदारांनी भारतासाठी .४७० व .४६५ असे नवे बोअर पुढे आणले. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर बोअरची रायफल भारतीय बाजारासाठी तयार केली. तिचे काडतूस मूळ ऑस्ट्रियन मानलिखर रायफलीच्या काडतुसावर आधारित होते. हरणाच्या शिकारीस ती उत्तम होती हे खरे. पण ती लोकप्रिय होण्याचे प्रमुख कारण ती.३०३ नव्हती हेच होते.

स्वातंत्र्यानंतरही हा वारसा कायम राहिला. कोलकात्याजवळील ईशापूर येथील सरकारी कारखान्यात .३१५ ची रायफल तयार होऊ लागली, तर तिची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येऊ लागली. विलायती रायफलीच्या तुलनेत स्वस्त आणि कायद्याने अनिषिद्ध, यामुळे मध्यमवर्गीय भारतीय शिकाऱ्याची रायफल म्हणजे .३१५ असे समीकरण रूढ झाले.

स्वस्त कोणासाठी?

येथे 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ तपासणे आवश्यक ठरते. संस्थानिक वा मोठा अधिकारी यांच्यासाठी .३१५ ही साधी रायफल होती. वाडीमालक वा व्यापाऱ्यासाठी ती आवाक्यातील होती. पाड्यावरील वारल्यासाठी मात्र तिचा विचारही संभवत नव्हता. डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ मधील अहवालाने मुंबई प्रांतातील आदिवासींची वेठ आणि कर्जबाजारीपणा सरकारदरबारी नोंदविला. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगाव भागात किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला, तेव्हा शेतमजुरीसाठी दिवसाला १२ आणे ही मागणी होती. जेथे १२ आण्यांसाठी संप करावा लागत होता, तेथे रायफल, काडतुसे आणि परवान्याचे शुल्क यांचा हिशेब मांडण्याचीही गरज नाही. परवान्यासाठी तालुका वा जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज, पत आणि ओळख लागे. वेठीने बांधलेल्या माणसाकडे यांपैकी काहीच नव्हते.

ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ५ जण मृत्युमुखी पडले. जमलेल्यांच्या हातांत काठ्या, कोयते अशी साधने होती. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात या लढ्याचा वृत्तांत दिला आहे. बंदूक या भागात केवळ शिकारीचे साधन नव्हती. ती कोणाच्या हाती असावी याची विभागणी आधीच झालेली होती, हे या घटनेने स्पष्ट केले.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात या विषमतेची काही प्रमाणात दखल घेतलेली दिसते. संरक्षण वा शिकार यांसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक, तसेच पिकाच्या प्रामाणिक राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना देण्याविषयी १३ व्या कलमात तुलनेने उदार तरतूद करण्यात आली. म्हणजे शेतकऱ्यासाठी ठासणीची बंदूक, साधारण ऐपतीच्या माणसासाठी बारा बोअर आणि सबळ कारण दाखवू शकणाऱ्यासाठी रायफल, अशी उतरंड कायद्यातच दिसते.

१९७२ : रायफल हेच अधिकृत साधन

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा करून शिकारीसाठी परवाना आवश्यक केला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हीच चौकट देशपातळीवर नेली. आज हा कायदा शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखला जातो. परंतु मूळ स्वरूपात त्यात विशेष शिकार, मोठी शिकार व छोटी शिकार असे परवाने होते. चितळ, सांबर व भेकर ही हरणे मोठ्या शिकारीच्या अनुसूचीत होती. तत्कालीन १६ व्या कलमानुसार जाळी, फासे, सापळे, खड्डे व विष यांच्या साह्याने शिकार करण्यास मनाई होती. सापळ्याच्या स्वतंत्र परवान्याने वन्य प्राणी पकडणे एवढाच काय तो अपवाद. मोठी शिकार रायफलीखेरीज अन्य शस्त्राने करता येत नसे. परवान्यात खास मुभा असेल तरच एकगोळी काडतुसासह बारा बोअरसारखी बंदूक चाले.

या तरतुदीमागे जनावरास यातना होऊ नयेत व ते जखमी होऊन निसटू नये हा हेतू असणे शक्य आहे आणि तो अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु तिचा सामाजिक परिणाम दूरगामी होता. तीरकामठा आणि फासे ही ज्याची साधने, त्याला हरणाच्या वैध शिकारीचा मार्गच उरला नाही. ज्याच्याजवळ .३१५ होती, तो शुल्क भरून त्याच रानात तेच हरिण मारू शकत होता. त्यामुळे मारलेल्या हरणाला शिकार म्हणावे की चोरी, हे हातातील शस्त्रावरून ठरू लागले.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची तरतूद व १६ वे कलम वगळण्यात आले. आत्मसंरक्षण आणि माणसास वा पिकास धोका यांसारखे मर्यादित अपवाद सोडल्यास हरणाची शिकार सर्वांनाच निषिद्ध झाली. कायदेशीर समानता आली ती अशी, हक्क देऊन नव्हे तर सर्वांचा हक्क संपवून. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. मात्र शिकार व सापळे लावण्याचा पारंपरिक हक्क तिसऱ्या कलमात स्पष्ट शब्दांत वगळला. निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींना वन्यजीव कायद्याच्या ६५ व्या कलमाने जे संरक्षण दिले आहे, ते डहाणू-तलासरीच्या वाट्याला आलेले नाही.

निष्कर्ष

घटलेली जंगले आणि विरळ झालेली हरणे पाहता शिकारबंदीची आवश्यकता निर्विवाद आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख तिच्याविरुद्ध नाही. परंतु जंगलांतील हरणे कोणामुळे कमी झाली या प्रश्नाचे उत्तर देताना 'आदिवासींची शिकार' हे कारण जितक्या सहजतेने पुढे केले जाते, तितक्या सहजतेने परवानाधारक रायफलीचा उल्लेख होत नाही. १८७८ पासून १९९१ पर्यंतच्या सुमारे ११३ वर्षांत शिकार प्रायः शस्त्रधारी आणि ऐपतदार वर्गासाठी वैध, तर जंगलावर जगणाऱ्यांसाठी उत्तरोत्तर अवैध होत गेली. .३१५ बोअरची रायफल ही या इतिहासाची एक बोलकी खूण आहे. तिचा बोअर सैन्याच्या धास्तीने निश्चित झाला, तिचा स्वस्तपणा एका वर्गापुरता खरा होता आणि तिची वैधता इतरांच्या साधनांना अवैध ठरवून सिद्ध झाली. संवर्धनाची जबाबदारी आज जंगलालगतच्या समाजाकडे सोपविताना या इतिहासाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. स्थानिक पातळीवर कार्य करणाऱ्या महाविद्यालयांनी पाड्यांतील वृद्धांच्या शिकारविषयक आठवणी, शब्द व साधने यांचे संकलन वेळीच हाती घेतल्यास, सरकारी दफ्तरात केवळ गुन्ह्याच्या रूपाने नोंदली गेलेली ही परंपरा तिच्या स्वतःच्या शब्दांत अभ्यासकांसमोर येऊ शकेल.