भात्याचा वाटा

आपल्या ज्ञातीचा इतिहास सांगावयास बसले की आम्ही बहुधा विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांपासून आरंभ करितो आणि मनूचे नाव घेऊन थांबतो. त्या परंपरेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे लोखंड गाळण्याची अडीच हजार वर्षांहूनही जुनी भट्टी उत्खननात निघाली, हे आमच्या किती घरांत ठाऊक आहे? ती आमच्याच पूर्वजांची, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. गाळणे वेगळे, घडविणे वेगळे.

घडविणाऱ्या लोहाराची जागा गावगाड्यात थोरल्या ओळीत, सुताराच्या शेजारी होती. लोखंड व कोळसा बहुतेक गावी कुणब्याने आणावयाचा, श्रम लोहाराचे, आणि मोबदला खळ्यावर धान्याने. त्यामुळे पीक बुडाले की बलुतेही बुडे. फाळाचे टोक मात्र पुढच्या पावसाआधी काढून द्यावेच लागे. गावाचा हक्कदार म्हणून मिरविताना ही बाजू विसरू नये.

गाडीच्या चाकास धाव चढविण्याचा दिवस म्हणजे सणच. धाव चाकाहून किंचित लहान घडवावयाची, गोवऱ्यांच्या आरात लाल करावयाची, सांडसांनी उचलून चाकावर बसवावयाची, आणि लाकूड पेट घेते न घेते तोच पाणी ओतावयाचे. आकसलेली धाव आरे अन् पाटे असे आवळी की खिळ्याचे काम उरत नसे. 'किंचित' म्हणजे किती, हे कोठे लिहिलेले नव्हते. ते बापाच्या हातून मुलाच्या हाती येई.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर शेतात आला. बिडाचा फाळ ऐरणीवर ठोकून वाढविता येत नाही. तो झिजला की नवा विकत आणावयाचा. पुढे रबरी चाकांनी धाव नेली, विजेच्या पंपाने मोट. अनेकांनी कारखान्यांची वाट धरली, व त्यांत त्यांचे चुकले असे आम्हांस वाटत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. लोहार ऐरणीपाशी बसे तेव्हा भाता घरची स्त्री ओढी. पुष्कळदा घणही तीच मारी. आच कमीजास्त झाली तर पोलाद वाया जाई, म्हणजे निम्मी कसब तिचीच. या अंकासाठी आलेल्या वंशावळी आम्ही चाळल्या. त्यांत खापरपणजोबांपर्यंतची नावे आहेत. भाता ओढणाऱ्या एकीचेही नाही.