बाईंचे केस

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या इगतपुरीत थंडी अगदी हाडांपर्यंत पोचते. दरीतले धुके वर चढून दारात उभे असते, बंबाचा धूर त्यात मिसळतो, आणि घाट चढून आलेल्या गाडीची शिटी कुठून आली ते कळत नाही. अशा वेळी आई कोमट तेलाची वाटी घेऊन बसते आणि समोर पाटावर घरातल्या लेकीसुनांची रांग लागते. “केवढा हा केसांचा भार! सांभाळायचा तरी कसा बाई!” असे म्हणत ती तेल जिरवते. सूर तक्रारीचा असतो, पण त्यात अभिमानच अधिक. आपल्याकडे बाईच्या रूपाचा हिशेब केसांपासून सुरू होतो तो असा.

गेल्या दिवाळीत हा हिशेब माझ्या हातून चुकला. कसा चुकला ते सांगायचे, तर आधी शाळेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे आणि मग शंभराहून अधिक वर्षे मागे गेले पाहिजे.

मी इतिहासाची पंडिता नव्हे. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मी मॅट्रिकपुढे शिकलेली नाही. बालवर्गाला अक्षरे गिरवून घेते, रात्री कादंबऱ्या लिहिते, आणि कादंबरीसाठी म्हणून जुन्या बायकांची आत्मचरित्रे वाचते. इतिहासाशी माझा संबंध एवढाच.

शाळेत माझ्याबरोबर एक तरुण शिक्षिका आहे. पोरांना गोष्ट सांगायला लागली की खिडकीबाहेरचा पाऊससुद्धा ऐकत थांबावा, अशी. गेल्या वर्षी ती मोठ्या आजारातून उठली. औषधांनी तिचे सगळे केस गेले. डॉक्टरांनी कामावर जायला मोकळीक दिली, आणि ती रुजू होण्यासाठी निघाली. तेव्हा मोठ्या बाईंनी आम्हा चौघींना बोलावून विचारले, “अशा डोक्याने वर्गात आली तर मुले घाबरतील ना? पालक काय म्हणतील? टोप लावून ये म्हणावे, नाहीतर केस येईपर्यंत घरी राहा म्हणावे.” कोणी काही बोलेना. अखेर मीच म्हणाले, “थोडे दिवस थांबलेले बरे. शाळेत कसे, नीटनेटके दिसायला हवे.”

निरोप गेला. ती आली नाही. पुढे कळले की तिने खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे, जेवण टाकले आहे, दाराची कडी वाजली तरी ती उठत नाही. आमच्या गावात, धम्मगिरीवर, 1976 सालापासून देशोदेशींची माणसे मनाच्या आत पाहायला येतात. आणि त्याच गावात एका मुलीचे मन तिच्या डोक्याच्या कातडीवरून मोडत होते. ते मोडण्यात माझे एक वाक्य होते.

त्याच दिवसांत हाती आले पार्वतीबाई आठवल्यांचे ‘माझी कहाणी’. हे आत्मचरित्र 1928 साली प्रसिद्ध झाले.

पार्वतीबाईंचा जन्म 1870 सालचा, कोकणातल्या देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न आणि विसाव्या वर्षी वैधव्य. पदरी एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झाले. त्यांची बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली. हे सदन 1889 साली मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. 1893 साली गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. पार्वतीबाईंनी मात्र दुसरे लग्न करायचे नाकारले. त्या पुण्यास आल्या, मोठ्या वयात पाटी घेऊन बसल्या, आणि कर्व्यांनी 1896 साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या होऊन राहिल्या. हिंगण्याच्या माळावर आश्रम गेला, तेव्हा तिथली व्यवस्था त्यांनी पाहिली. पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव फिरल्या.

हे सगळे त्यांनी मुंडन केलेल्या डोक्याने केले. आज आपल्याला ते डोके दुःखाचे वाटते, आणि ते दुःखाचे होतेच. पण एक गोष्ट मला एकदम लख्ख दिसली. वर्गणी मागणारी ही बाई ज्या सोवळ्या घरांच्या पायऱ्या चढत होती, तिथे याच डोक्यामुळे तिला आत घेतले जात असणार. सकेशा विधवा, म्हणजे केस राखलेली विधवा, दारात आली असती तर घरधनिणीने पदर सावरून दार लोटून घेतले असते. तिच्या कामाला शोभणारे रूप तेच होते. त्या काळी ‘नीटनेटके’ म्हणत ते त्यालाच!

1912 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाईंनी केशवपन सोडले. त्या केस राखू लागल्या. लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना करायला इतिहासकार नको. कोणत्याही वाड्याच्या चौकात क्षणभर उभे राहिले की पुरे. मग 1918 साली ही बाई तुटपुंज्या इंग्रजीच्या भांडवलावर अमेरिकेस गेली, परक्या घरांत भांडी घासून पोट भरले, आश्रमासाठी पैसे जमवले आणि 1920 साली परतली. केस नव्हते तेव्हा जी बाई काम करीत होती, तीच केस आल्यावर करीत होती. लोकांच्या नजरेत मात्र त्या दोन निराळ्या बायका झाल्या असतील.

पुस्तक मिटले आणि मला घाम फुटला. शंभर वर्षांपूर्वी केस ठेवले म्हणून बाई अशोभनीय ठरे. माझ्या शाळेत केस नाहीत म्हणून ठरली. नियम अगदी उलटा झाला, पण नियम करणारे तोंड तेच राहिले. आणि त्या तोंडातली जीभ माझी होती.

या बाबतीत पुरुषांचे काय? आमचे गाव रेल्वेचे. 1865 साली थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला, तेव्हापासून इगतपुरीचे घड्याळ गाड्यांवर चालते. 1930 च्या सुमारास मुंबईकडून घाट चढणाऱ्या गाड्या विजेवर आल्या; पण इथून भुसावळच्या बाजूला पुढची तीस-पस्तीस वर्षे वाफेचीच इंजिने धावत होती. माझे आजोबा त्यांवर फायरमन होते. पाळी संपवून ते घरी येत तेव्हा डोळ्यांच्या पांढऱ्या बुबुळांवरूनच काय ते ओळखायचे, असे आजी सांगे. त्या काळ्या तोंडाला कुणी नावे ठेवली नाहीत. ती त्यांच्या कष्टांची खूण होती. कामाने पुरुषाचे रूप बिघडले, तर तो कामाचा दाखला ठरतो. बाईचे रूप मात्र काम सुरू करण्याआधीच तपासले जाते.

ही तपासणी जुनी आहे. 1848 साली पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुल्यांवर लोकांनी शेण फेकले, म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडे नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत. महाराष्ट्रातल्या शिक्षिकेच्या पोशाखाचा इतिहास खरे तर त्या दुसऱ्या लुगड्यापासून सुरू होतो. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेत गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या, तरी तिथल्या थंडीत साडी कोणत्या पद्धतीने नेसावी हा घरचा विचाराचा विषय झालाच. विधवांच्या डोक्यांसाठी सभा भरली ती 1890 साली, मुंबईच्या नाभिकांची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्यांनी ठरवले की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पंडितांचे वाद चालूच होते; पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. मला या प्रसंगाचे फार मोल वाटते, कारण नियम हे शेवटी कुणाच्या तरी हातानेच चालतात.

आणि हे सगळे मागच्या शतकातच संपले असे नाही. विमानातल्या सेविकेने पहिल्यांदा गरोदर राहताच नोकरी सोडावी, असा एअर इंडियाचा नियम होता. तो 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढला. पुढे 2009 साली त्याच कंपनीने वजन जास्त म्हणून काही सेविकांना घरी बसवले. आमच्या शिक्षण खात्यानेही 15 मार्च 2024 रोजी शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या: बाईंनी साडी किंवा ओढणीसह सलवार-चुडीदार, गुरुजींनी पँट-शर्ट, तोही खोचलेला, जीन्स आणि टी-शर्ट नको. मला साडी आवडते. मी उद्याही साडीच नेसेन. पण सूचना वाचताना मनात आले, की फळ्यावरचे अक्षर सुबक असावे, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचावा, रडणारे पोर कसे उगी करावे, हे आमच्या कामाचे खरे रूप. त्याची आठवण कापडाच्या आधी व्हायला हवी होती.

हे मी खात्याला सांगते, पण आधी स्वतःला सांगायचे होते. भाऊबीज झाल्यावर मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने दार उघडले. ती पलंगावर डोक्याला रुमाल बांधून बसली होती. मी म्हणाले, “अगं, ते थांबायचे बोलले ना, ते मोठ्या बाई नव्हे, मीच बोलले होते.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “केस गेले तेव्हा मी रडले नव्हते, बाई. निरोप आला तेव्हा रडले.”

मी तिला पार्वतीबाईंची हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली, पण हसली नाही. इतिहासाने एका दिवसात माणूस उठून बसत नाही. त्यासाठी तिला पुढे डॉक्टरांकडेही जावे लागले, मनाच्या डॉक्टरांकडे. माझ्या वाट्याचे काम निराळे होते. मी मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, की माझे मत मी परत घेते. त्या भल्या आहेत, जरा वेळ खिडकीबाहेर पाहून म्हणाल्या, “येऊ दे तिला. पालकांचे मी बघते.”

ती नाताळानंतर आली. टोप नव्हता. वर्गाच्या दारातच तिने रुमाल सोडला. मी शेजारच्या वर्गातून कान देऊन उभी होते. क्षणभर शांतता पडली आणि मग एक चिमुरडी म्हणाली, “बाई, आमच्या बाळाचं जावळ काढलं ना, तेव्हा त्याचं डोकं असंच झालं होतं. मग पुन्हा आले केस.” दुसऱ्या कुणीतरी विचारले, “बाई, गोष्ट सांगणार ना?” आणि गोष्ट सुरू झाली.

मुले घाबरलीच नव्हती. घाबरलो होतो ते आम्ही.

यंदा अभ्यंगस्नानाला मी तिला आमच्या घरी बोलावले आहे. आईने तिच्यासाठी वेगळा पाट काढून ठेवला आहे. केस आता बोटभर आले आहेत. “तेल फारसे लागणार नाही हं,” असे तिने आधीच कळवले आहे.