‘सेडिशन’ची कुळकथा

‘सेडिशन’ या इंग्रजी शब्दाला आपण ‘राजद्रोह’ म्हणतो आणि पुढे जातो. वस्तुतः दोहोंचे कूळ निराळे. ‘राजद्रोहा’त ‘द्रुह्’ धातू आहे. द्रुह् म्हणजे वाईट चिंतणे, आणि येथे ते राजाचे. मूळ लॅटिन ‘सेदितिओ’त मात्र राजाचा मागमूसही नाही. ‘सेद्’ म्हणजे वेगळे, ‘इतिओ’ म्हणजे जाणे. नागरिकांनी आपसांत फुटून निघणे, असाच त्याचा उलगडा सिसेरोने केला आहे. गंमत अशी की, हे ‘जाणे’ आपल्या ‘इ’ धातूचे सख्खे भावंड. सम् + इ यापासून आपली ‘समिती’ झाली. एकत्र येणे ती समिती, पांगणे ती सेडिशन!

इंग्लंडात हा शब्द राजसत्तेच्या दावणीला बांधला गेला. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यातील यासंबंधीचे कलम १८६० च्या दंडविधानातून गळाले आणि १८७० साली ‘१२४-अ’ म्हणून परत आले. कलमाच्या मजकुरात ‘सेडिशन’ नव्हतेच. तेथे होते ‘डिसअफेक्शन’, म्हणजे अप्रीती. लोकमान्यांचा १८९७ चा खटला या एका शब्दाभोवती फिरला. प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असे न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले. या हिशेबाने सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक रयतेचा माणूस गुन्हेगार ठरावा! सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली.

भाषाप्रेमी म्हणून मला १९०८ चा खटला अधिक बोचतो. ‘केसरी’तील लेख मराठी, आणि निवाडा त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर! मराठी शब्दांच्या छटा भाषांतरात कशा बिघडल्या, हे लोकमान्यांनी स्वतःच्या बचावात तपशीलवार मांडले. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सातांविरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले आणि न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा फर्मावली. ती मंडालेत भोगावी लागली.

इंग्लंडने हा गुन्हा २००९ च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये १२४-अ ला हिंसाचिथावणीची मर्यादा घातली आणि २०२२ मध्ये त्याचा अंमल थोपवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत हा शब्द नाही. कलम १५२ च्या इंग्रजी पाठात मात्र ‘सबव्हर्सिव्ह’ आहे. ‘सब्’ म्हणजे खालून, ‘वेर्तेरे’ म्हणजे वळवणे, उलथणे. हा ‘वेर्तेरे’ही आपल्या ‘वृत्’ धातूचा नातलग, ज्यापासून ‘परिवर्तन’ झाले.