माग, रेल्वे आणि खाण : उमरेडच्या श्रमजीवनाची वाटचाल

उमरेडचा खरा इतिहास श्रमिकांच्या हातांनी लिहिला आहे. एकोणिसाव्या शतकात ही नगरी रेशमी काठाच्या पांढऱ्या धोतरांसाठी प्रसिद्ध होती. माग हा साऱ्या कुटुंबाचा व्यवसाय असे : पुरुष विणीत, स्त्रिया व मुले कांड्या भरीत.

१८७७ मध्ये नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे स्वस्त सूत विणकरांनी स्वीकारले व आपला माग जगविला. परंतु त्याच सुताने घरोघरचे चरखे थांबविले. एकाच यंत्राने एकाला आधार दिला, तर दुसऱ्याची रोजी हिरावली. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर–नागभीड ही अरुंदमापी रेल्वे आली आणि नागपूरची बाजारपेठ जवळ आली. रुंदीकरणासाठी ती गाडी २०१९ मध्ये थांबली.

पुढे कोळशाची खुली खाण आली. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाल्यावर ती त्या कंपनीकडे गेली. नियमित वेतन आले, परंतु दिवस पाळीप्रमाणे विभागला गेला. मागावर सारे घर कष्टाचे भागीदार होते. खाणीत वेतन एकाच्या नावे झाले आणि घरातील इतरांचे श्रम हिशेबाबाहेर राहिले.

यंत्राचा लाभ मोजताना केवळ उत्पादन न पाहता, कोणाच्या हातचे काम गेले आणि कोणाच्या कष्टाची नोंद पुसली गेली, हेही पाहणे आपले कर्तव्य होय.