विमानावरचे ‘हैदराबाद’ : एका लढाऊ पथकाच्या नावाचा अर्थ

(१/८) १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या एका स्पिटफायर पथकाचे नाव होते ‘१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन’. हे हैदराबाद म्हणजे केवळ शहर नव्हे, तर संपूर्ण निजाम संस्थान. आजची हिंगोली तेव्हा त्याच संस्थानातील परभणी जिल्ह्यात होती.

(२/८) या पथकातले वैमानिक हैदराबादचे नव्हते. ते प्रामुख्याने ब्रिटन व राष्ट्रकुलातले होते. हैदराबादचा होता तो पैसा. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीमुळे पथकाला हे नाव मिळाले. संस्थानाच्या महसुलाचा मोठा आधार शेतसारा होता, आणि तो भरणाऱ्यांत मराठवाड्याचा शेतकरीही होता.

(३/८) पथकाच्या चिन्हावर निजामाची दस्तार होती आणि खाली ब्रीद होते ‘फेथफुल अॅलाय’, म्हणजे विश्वासू मित्र. हे शब्द वैमानिकांच्या शौर्याविषयी नव्हते. पहिल्या महायुद्धातील मदतीनंतर, १९१८ मध्ये, ब्रिटिशांनी निजामाला दिलेल्या किताबातून ते आले होते.

(४/८) विमानांवर ‘यूएम’ ही अक्षरेही असत. ती कोणत्याही नावाची आद्याक्षरे नव्हती. पथक ओळखण्यासाठी नेमून दिलेला तो संकेत होता. बिनतारी संभाषणातले संकेतनाम त्याहून वेगळे. ऐकणाऱ्या शत्रूला पथकाचा पत्ता लागू नये, हाच त्याचा हेतू. संकेत ओळख लपवत होता. ‘हैदराबाद’ हे नाव मात्र मुद्दाम मिरवण्यासाठी होते.

(५/८) पुढे हे पथक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढले. तेथे त्याच्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला दिसतो. दस्तार देणगीदाराची, तर बिबट्या लढणाऱ्यांचा.

(६/८) पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, ही रीत हिंगोलीला जुनीच होती. एकोणिसाव्या शतकात येथे ‘हैदराबाद कंटिंजंट’ची छावणी होती. नाव हैदराबादचे, अधिकारी इंग्रज. या फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला.

(७/८) विश्वासू मित्राची परीक्षा १९४८ मध्ये झाली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. ब्रिटन निजामाच्या मदतीला आले नाही. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच दिवस हिंगोलीसह सारा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

(८/८) १९५६ मध्ये भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्यही नकाशावरून पुसले गेले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, बहारीनमध्ये १५२ क्रमांकाचे पथक पुन्हा उभे राहिले, या वेळी वाहतुकीसाठी. ज्या राज्याच्या पैशाने ती दस्तार चिन्हावर आली, ते राज्य तेव्हा उरले नव्हते.